हवालदाराची कवायत

दि. ६ जानेवारी

चि. नाना यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक काहीही नाही. तुझ्याकडून आणलेलं पिल्लू घरात येऊन आज सतरा दिवस झाले आणि तेवढ्यात मी सतरा वर्षांनी म्हातारी झाले. फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घराखाली कारखाना चालू असताना फोनवर बोलणं म्हणजे विहिरीत तोंड घालून ओरडणं. म्हणून हे पत्र. सावकाश बसून वाच आणि लाज वाटून घे.

ह्यांनी त्याचं नाव हवालदार ठेवलंय, कारण आल्या दिवशी ते दारात ऐटीत बसलं होतं. नाव हवालदाराचं आणि धंदे चोराचे! वर्तमानपत्र अंथरून ठेवलं तर त्याच्या कडेला, अगदी मोजून चार बोटं सोडून, तळं करतं. गादीचा कोपरा खाल्ला. ह्यांच्या बुटाची जीभ खाल्ली. चावतं तर असं की लहान पिल्लू म्हणवत नाही. मी आई गं म्हणून किंचाळले तरी सोडत नाही, उलट शेपटी हलवतं. झोपलं की मेल्यासारखं झोपतं, आणि उठवायला हात लावला की दचकून अंगावर येतं. काल मी त्याला नाही, नाही, नाही असं अकरा वेळा सांगितलं. अकरा वेळा त्याने माझ्याकडे पाठ करून पायपुसण्याचे धागे उपसले. पालथ्या घड्यावर पाणी.

पाच पिल्लांतून हेच का उचललं, असं आता मी स्वतःला विचारते. पण ती अक्कल ह्यांची. मागचं मांजर कारखान्याच्या ठोकठोकीला कंटाळून पळून गेलं, म्हणून ह्यांनी तुझ्या अंगणात बादली उपडी करून तिच्यावर हातोडी हाणली. चार पिल्लं खाटेखाली पळाली. हे पांढरं तेवढं जागच्या जागी बसून आपली शेपटी चघळत राहिलं. हे म्हणाले, याला म्हणतात छाती. तूही मोठ्या तज्ज्ञासारखी मान डोलावलीस. पत्र्याच्या पेट्या ठोकणारा माणूस कुत्र्याची पारख हातोडीने करणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

कुत्रं कशाला हवं होतं म्हणून विचारशील. खरं सांगू? घरात मी काही बोलले तर निदान कुणाची शेपटी तरी हलावी, एवढ्यासाठी. ह्यांचं तुला माहीत आहे. गेली चार वर्षं काहीही विचारा, उत्तर एकच, हं. चहात साखर घालू का, हं. खिडकी लावू का, हं. घराला आग लागलीय म्हटलं तरी हं म्हणून वर्तमानपत्र उलटतील. पूर्वी संध्याकाळी रेडिओ लावायचे, आता म्हणतात हल्ली सगळे बेसूर गातात. लग्नकार्याला नेलं तर कोपऱ्यात बसून जेवतात आणि उठतात. माणूस असा मिटत गेला की त्याच्याशी संसार करणं म्हणजे भिंतीला रंग देण्यासारखं आहे, द्यायचा आणि बघत बसायचं.

असो. तुझ्या मागच्या खोलीत सध्या काय आहे? सहज विचारलं.

वहिनीला आशीर्वाद. उत्तर लवकर धाड, आणि माया आटू देऊ नकोस.

तुझी,
अक्का

*

दि. १३ जानेवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आवरलं नाही, त्याची आधीच माफी मागतो. एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली मी. एका आरोळीत तीनशे पोरं सरळ रेषेत उभी केली. त्यापुढे तुझा हवालदार म्हणजे किस झाड की पत्ती!

तुझी चूक कुठे होते ते सांगू? आवाजात. तू अकरा वेळा नाही म्हणालीस, म्हणजे विनवण्या केल्यास. हुकूम एकदाच द्यायचा, आणि तो गळ्यातून नाही, पोटातून यायला हवा. बस म्हणजे बस. बस रे बाळा, बस ना, किती छळशील, ही काय आज्ञा झाली? रोज सकाळी उपाशीपोटी अर्धा तास सराव कर, त्याचा नव्हे, तुझ्या आवाजाचा. आणि घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. दाजी काय शब्द वापरतात ते कळव, कारण तुझ्या पत्रात त्यांचा हुकूम कुठेच दिसला नाही.

सोबत माझी शाळेतली शिट्टी पाठवतोय. पितळी आहे, जपून वापर. तिच्या आवाजाने आमचे हेडमास्तरसुद्धा चालता चालता थबकत. पिल्लू खोडी करताना दिसलं की एकच लांब शिट्टी. आठ दिवसांत गाय होतो की नाही बघ.

मात्र एका अटीची पुन्हा आठवण करून देतो. माझ्या घरचं पिल्लू बिघडलेलं मला चालणार नाही. फेब्रुवारीअखेर ते वळणावर आलं नाही तर मी परत घेऊन जाईन. इकडे लाकडाच्या वखारीचा मालक केव्हाचा मागे लागलाय, त्याला साखळीला बांधायला कुत्रा हवाच आहे.

मागच्या खोलीत माझी मुद्गलं, दोन मोडक्या सायकली आणि हिची लोणच्याची बरणी असा संसार आहे. तुझ्या ‘सहज’चा अर्थ मला कळत नाही असं समजू नकोस. पण दाजी मुळातच अबोल, त्याला तू काय करणार? दर सहा महिन्यांनी तू घर सोडतेस आणि दर वेळी दाराशी जाऊन दूध तापवायचं राहिलं म्हणून परत फिरतेस.

हिचा नमस्कार. तुझ्या रागासकट तुझा आशीर्वाद असू दे.

तुझा,
नाना

*

दि. २९ जानेवारी

चि. नाना यास अनेक आशीर्वाद.

तुझी शिट्टी पोचली. तिची कहाणी आधी ऐक, म्हणजे तुझ्या एकतीस वर्षांचा माज जरा उतरेल.

हवालदार खुर्चीचा पाय कुरतडत होता. मी छाती भरून शिट्टी मारली. समोरच्या इस्त्रीवाल्याने रस्त्यातून वर बघितलं. वरच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून झोपली होती, ती तशीच केस मोकळे घेऊन जिना उतरून आली आणि विचारू लागली की काय पेटलं. तिची समजूत घालून चहा करून पाजावा लागला. एवढ्या गदारोळात हवालदारसाहेब खुर्चीचा पाय सोडून दुसऱ्या खुर्चीकडे वळले, एवढाच तुझ्या शिट्टीचा परिणाम. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं रे बाबा. पोटातून आवाज काढून काढून माझा घसा बसलाय, नर्सबाईने गुळण्या करायला सांगितल्या आहेत.

आणि आता खरी चीड आणणारी गोष्ट. हाच प्राणी खाली कारखान्यात गेला की शहाण्यासारखा वागतो! मी डोळ्यांनी पाहिलं. पत्र्यांच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसलेला, हे पेटीच्या कडेला कथलाचा डाग देतायत, आणि हा टक लावून ह्यांच्या हातांकडे बघतोय. ह्यांनी नुसता तळवा जमिनीकडे केला, हा बसला. दोन बोटं आपल्याकडे वळवली, हा धावत आला. मूठ मिटली, हा जागच्या जागी थांबला. तोंडातून एक अक्षर नाही. तू विचारलंस ना दाजींचा शब्द कोणता? शब्दच नाही. तिथे ह्यांचं आणि जोडीदाराचं तीस वर्षं असंच चालतं, ठोकठोकीत बोलून उपयोग नसतो म्हणून सगळं हाताने. तळवा खाली म्हणजे पत्रा खाली ठेव. तेच ह्यांनी कुत्र्याला लावलंय. मी विचारलं की मला का नाही दाखवलं, तर हं.

ह्यांनी नक्की त्याला चोरून काहीतरी खायला घालून फितवलंय. मी घसा फोडते आणि श्रेय त्यांचं.

इथवर मी हसत लिहिलं. आता जे लिहिते ते हसण्यासारखं नाही.

परवा सकाळी मी पिल्लाच्या तळ्यावरून घसरले. स्वयंपाकघराच्या दाराशी. कमरेवर पडले, उठता येईना. हे आत टेबलाशी पाठ करून बसले होते, नव्या झाकणाचं चित्र काढत. माझ्यापासून आठ पावलं. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग रडत मारली. नाना, ते पट्टी सरकवत रेघा मारत राहिले. ते पिल्लूही त्यांच्या पायाशी माझ्याकडे पाठ करून पडलेलं. वरून नर्स आली तेव्हा ह्यांनी मान वळवली. मला बघून पांढरेफटक पडले, उचलून पलंगावर ठेवलं, दिवसभर उशाशी बसले, ते सगळं खरं. पण मी विचारलं की का नाही आलात, तर म्हणाले लक्ष नव्हतं.

हाड मोडलेलं नाही. पण माझ्या आत काहीतरी मोडलं. मी मेले तरी ह्यांना संध्याकाळी चहा मिळाला नाही तेव्हाच कळेल. पासष्टाव्या वर्षी माझा हट्ट फार मोठा नाही. मी हाक मारली तर कुणीतरी वळून बघावं, एवढंच. ते इथे मिळत नाही.

मागची खोली रिकामी कर. या वेळी दूध तापवून, भांडं घासून निघणार आहे.

वहिनीला सांग, मी तिच्यावर भार होणार नाही. मला जागा आणि तुमची माया पुरे.

तुझी,
अक्का

*

दि. ६ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मागच्या पत्रात थट्टा केली त्याबद्दल मला माफ कर. आठ पावलांवर नवरा बसलेला आणि बायको जमिनीवर! दाजींना मी आजवर वडिलांच्या जागी मानलं, पण हे मला पटलेलं नाही आणि भेटल्यावर तोंडावर सांगणार आहे.

सायकली भंगारात दिल्या. मुद्गलं अंगणात काढली. खोलीला चुना मारून झाला, खिडकीला नवी कडी बसवली. वीस तारखेच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनावर असेन. सामान थोडंच आण, बाकीचं मी येऊन नेईन.

हवालदारालाही बरोबर आण. वखारवाल्याशी बोलून ठेवलंय. अक्का, जनावर असो की माणूस, कामाला येत नाही त्याला कुरवाळत बसण्यात अर्थ नसतो. ज्याचा उपयोग नाही ते घरातून काढावं, घर मोकळं होतं. हे मी तुझ्या भल्यासाठी लिहितोय.

तुझी वाट बघतोय. लोभ आहे तो वाढता राहो.

तुझा,
नाना

ता. क. वन्सं, सा. न. हे पत्र पाकिटात घालायला त्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली मी दोन ओळी लिहिते. त्यांना सांगून उपयोग नाही, कुत्र्यांतलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्यांना वाटतं. पिल्लांना खायला मी घालायची. ताटली वाजवली की चार पिल्लं धडपडत यायची. पांढरं कधीच ताटलीला उठायचं नाही, बाकीची धावताना दिसली की त्यांच्यामागे यायचं. मला वाटे आळशी आहे. तुमची पत्रं वाचल्यापासून मात्र माझ्या मनात वेगळंच येतंय. एक करून बघा. ते भिंतीकडे तोंड करून झोपलेलं असताना मागे उभं राहून झाकण वाजवा. पाय मात्र आपटू नका, जमीन हादरली की ते उठेल आणि काही कळणार नाही. माझा अंदाज चुकला तर उत्तमच. पण बरोबर ठरला तर त्या बिचाऱ्याला वखारीत साखळीला बांधू देऊ नका. आणि तुमची खोली तयार आहे, बरणीसुद्धा हलवली.

*

दि. १४ फेब्रुवारी

चि. नाना यास अनेक आशीर्वाद. हे पत्र वहिनीला आधी वाचू दे.

बाई, तुझा अंदाज बरोबर आहे.

काल दुपारी हवालदार खिडकीखाली उन्हात झोपला होता. मी अनवाणी जाऊन मागे उभी राहिले. मोठ्या पातेल्याचं झाकण आणि पळी. हाणली. ढिम्म नाही. पुन्हा हाणली, तिसऱ्यांदा हाणली. वरून नर्स पुन्हा खाली आली, तिला मी हातानेच गप्प केलं. कानापासून हातभर अंतरावर एवढा दणदणाट, आणि याच्या मिशीचा केस हलला नाही. मग टाच जमिनीवर आपटली, तर टुणकन उठून बसला आणि मला बघून इतका आनंदला की काय सांगू. मी जमिनीवर बसले आणि त्याला पोटाशी धरलं. दोन महिने मी एका ठार बहिऱ्या जिवावर ओरडत होते. नाना, तुझी पोटातली आज्ञा, पितळी शिट्टी, सगळं. आणि ती बादलीवरची हातोडी! छाती कसली, त्याला काही कळलंच नव्हतं.

नर्स गेली. ह्यांनी दुपारी काम बंद ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी उठले. झाकण माझ्या हातात होतं.

खरं सांगते, ठरवून काही केलं नाही. मी ह्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि हाणली. ह्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचत राहिले. पुन्हा हाणली, काही नाही. मग मी झाकण खाली ठेवलं आणि मोठ्याने, अगदी खणखणीत सांगितलं की येत्या शुक्रवारी मी हे घर सोडून जातेय, ते कायमचं. ह्यांनी बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

पुढे सरकले तेव्हा माझी सावली वर्तमानपत्रावर पडली. त्यांनी वळून बघितलं आणि माझ्याकडे बघून हसले. चार वर्षं मी त्या हसण्याला लबाडी समजत होते.

मी चहा करते म्हणून आत आले आणि मोरीत तोंड धूत राहिले. आता मला एकेक आठवतंय. गिऱ्हाइकांशी जोडीदारच बोलतो. रेडिओ बंद झाला. लग्नातला कोपरा. आणि मी काय काय बोलले रे ह्यांना! शेजारपाजाऱ्यांसमोर दगड म्हणाले, खुंट म्हणाले. पण मग राग येतो तो असा की हातातलं पातेलं फेकावं. सांगायला काय झालं होतं? मी काय परकी आहे? छत्तीस वर्षं एका ताटात जेवले तरी माझ्यापासून लपवायचं? म्हणजे मला काय समजतात हे?

अजून ह्यांना काही बोललेले नाही. कसं बोलायचं तेच कळत नाही. बॅग अर्धी भरलेली पलंगाखाली आहे. शुक्रवारचं मी अजून ठरवलेलं नाही, स्टेशनावर ये पण मी उतरले नाही तर रागावू नकोस.

आशीर्वाद आहेतच. माझ्यासाठीही थोडे माग.

तुझी,
अक्का

*

दि. १५ फेब्रुवारी

श्री. नाना यांस स. न. वि. वि.

मी पत्र लिहिलं म्हणून आश्चर्य वाटेल. लिहिणं माझ्या हातचं नाही, चुका संभाळून घ्या.

तुमचं पत्र टेबलावर उघडं होतं, ते मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण वाचलं. वखारवाल्याला नाही म्हणून सांगा. हवालदार बहिरा आहे. आल्यापासून पाचव्या दिवशी मला कळलं. खाली हातातून घण निसटून पत्र्यावर पडला, जोडीदार उडाला आणि पिल्लू पोत्यावर लोळत राहिलं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तुम्ही परत न्याल. तो कामाला येत नाही असं नाही. हाताने सांगितलं तर सगळं करतो. त्याला बोलवायचं झालं तर टाच आपटायची. तुमच्या अक्का ओरडतात ते मला दिसायचं, पण दाखवून दिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की मला हे कसं कळलं.

मलाही ऐकू येत नाही. आधी डावा गेला, मग उजवा. चार वर्षं झाली. पेटी झाली की तिला टिचकी मारायची, आवाजावरून सांधा पक्का की पोकळ ते कळतं. आता मी तळवा ठेवतो आणि जोडीदाराला मारायला सांगतो. गिऱ्हाईक फसवलेलं नाही. पण बहिरा पेटीवाला म्हटलं तर काम कोण देईल? आणि घरी सांगितलं असतं तर त्यांनी मला कामावरून उठवून खुर्चीत बसवलं असतं. तुम्ही लिहिलंय की उपयोग नाही ते घरातून काढावं. तुम्ही पिल्लाबद्दल लिहिलंत हे मला कळतं, पण ते वाक्य मी तीनदा वाचलं.

त्या पडल्या त्या दिवशी मी तिथेच बसलो होतो. ते मला विसरता येत नाही.

पलंगाखाली बॅग आहे ती मी पाहिली. त्यांना थांबवा असं मी म्हणणार नाही. त्यांना बोलायला माणूस हवं, तुमच्याकडे ते आहे. कंबर अजून दुखते, खोलीत खाट उंच ठेवा. पिल्लू मात्र माझ्याकडे राहू द्या.

कळावे. आजवर दिलात तो मान पुढे द्यावासा वाटला तर द्या.

आपला,
दाजी

*

दि. ३ मार्च

चि. नाना व सौ. वहिनी यांस अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी स्टेशनावर तुला ताटकळत ठेवलं, त्याबद्दल वहिनीने तुला माझ्या वतीने चहा द्यावा. मी बॅग दाराशी आणून ठेवली होती. ह्यांनी ती बघितली, बाजूला सरकवून झाडू मारला आणि पुन्हा जागेवर ठेवली. मी हो की नाही, असं करत गाडीची वेळ घालवली. शनिवारी तुझं पाकीट आलं. आत ह्यांचं पत्र, आणि तुझा एक शब्द नाही. आयुष्यात पहिल्यांदा तू मला सल्ला दिला नाहीस, त्यानेच मी घाबरले.

पत्र वाचलं. मग तशीच खाली गेले. ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि ते त्यांचंच पत्र त्यांच्या पुढ्यात पत्र्यावर ठेवलं. जोडीदार शहाणा, विडी ओढायला म्हणून बाहेर गेला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. हळूहळू, ओठ मोठे करून, तोंडासमोर तोंड धरून बोलले. शिव्याही तशाच दिल्या, एकही वाया जाऊ दिली नाही. तुम्हाला खुर्चीत बसवणारी मी कोण, असं विचारलं. तुम्हाला घरातून काढायचं असतं तर कान चांगले होते तेव्हाच काढलं असतं, घोरण्यासाठी, असंही सांगितलं. ह्यांना रडताना मी एकदाच पाहिलं होतं, मुलीला सासरी धाडताना. हे दुसऱ्यांदा.

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डावा गेलेलाच आहे, उजव्यात यंत्र बसवून थोडं जमेल म्हणतात. काम चालू आहे. मी आता टाच आपटायला शिकले, तळवा, बोटं, मूठ सगळं शिकले. हवालदार दारात बसून परवानगी मागतो, वर्तमानपत्रावरच तळं करतो. तू न्यायला आलास तर मी तुझ्यावरच सोडेन त्याला.

पण सुख झालं असं समजू नकोस, नवे छळ सुरू झालेत. आता मी रागावायला लागले की हे डोळे मिटून घेतात! आणि त्यांचं बघून ते कार्टंही तोंड भिंतीकडे करतं. दोघांना वळवून समोर बसवेपर्यंत माझा राग शिळा होतो. काल तर भांडणाच्या मध्यावर ह्यांनी दिवाच मालवला. अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं?

आता शेवटचं. पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी ह्यांनी खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, माझ्या तोंडावर उजेड पडेल अशा. मला बसवलं आणि म्हणाले की चार वर्षांत मी जे जे बोलले आणि त्यांनी नुसतं हं म्हटलं, ते सगळं त्यांना आता सांगावं. पहिल्यापासून, काही न गाळता. मी म्हटलं, वेड लागलंय का, कोण लक्षात ठेवतं? पण लक्षात होतं रे. सगळं होतं.

रोज संध्याकाळी बसतो. नळ गळत होता तो, नर्सच्या बदलीचा, माझ्या दाताचा. आई गेली त्या आठवड्यापर्यंत काल आलो. तुझ्याकडून दिवस करून परत आले त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं होतं की आता मला जगात लहान समजणारं कुणी उरलं नाही, आज जरा माझ्याजवळ बसा. तेव्हा हे हं म्हणून खाली कामाला निघून गेले होते. तेव्हापासूनच मी ह्यांच्याशी मनातून बोलणं टाकलं होतं. ते वाक्य मी काल पुन्हा म्हटलं. ह्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं, ओठ नीट दिसेनात म्हणून. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. शेजारी बसलं की माझे ओठ दिसत नाहीत, म्हणजे पुढचं काही सांगता येत नाही. तरी उठेनात.

अजून तीन वर्षं सांगायची बाकी आहेत, तेव्हा इतक्यात माझं येणं जमणार नाही. खोली दुसऱ्या कुणाला द्यायची तर दे.

तुम्हा दोघांची ओढ आहे तशीच राहू दे.

तुझी,
अक्का